देवाघरचा पत्ता

सुमती मॅडमचं नाव त्यांच्या शाळेत कुणी उच्चारत नसे. नाकावरून घसरणारा चष्मा बोटानं वर ढकलायचा ही त्यांची सवय. मुलांनी तीच त्यांची खूण करून टाकली होती. एक बोट नाकाशी नेलं की सुमती मॅडम. धरमपेठेतल्या घरून स्कूटीवर दहा मिनिटांत पोचता येईल अशा त्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत त्या एकोणतीस वर्षं मराठी शिकवत होत्या. खुणेची इतकी सवय झाली होती, की घरी नवऱ्यानं, मुकुंदरावांनी, 'सुमती' म्हणून हाक मारली तर कधीकधी ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा.

शाळेला त्यांचा एका बाबतीत फार अभिमान होता. परीक्षेत 'अलंकार ओळखा' असा प्रश्न आला, की त्यांच्या मुलांचा एकही गुण जात नसे. रीत सोपी होती. 'सारखा', 'समान', 'परी' दिसलं की उपमा. 'जणू', 'वाटे', 'भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. झाडं-डोंगर बोलायला लागले की चेतनगुणोक्ती. हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता. मुलं पेन्सिलीनं तो शब्द शोधायची, त्याला गोल करायची आणि शेजारी नाव लिहायची. त्या वाक्याचा अर्थ काय, हे मुलं विचारत नसत आणि मॅडमही विचारायला जात नसत. ऐकू न येणाऱ्या मुलाला मराठी वाचायला शिकवणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आपल्या कानांवर भाषा पाळण्यापासून पडत असते. या मुलांच्या हातात एकेक शब्द आणून ठेवावा लागतो. एवढ्या खटाटोपानंतर मूल पास होतंय, यातच सगळ्यांना समाधान होतं.

आठवीच्या वर्गात दिपाली होती. कुहीजवळच्या एका खेड्यातली, तेरा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. घरी धानाची शेती. आईवडील दिवसभर बांधीत, धानाच्या वाफ्यांत, आणि संध्याकाळी पोरीशी बोलायचं म्हणजे हातवारे करून 'जेव' आणि 'झोप' एवढंच. तिच्याशी खरं बोलायचे ते तिचे आजोबा, चंपतराव. दर दुसऱ्या शनिवारी ते एसटीनं तिला न्यायला यायचे आणि मुद्दाम दोन तास आधी पोचायचे. वऱ्हांड्यात मुलांच्या घोळक्यात बसून खुणा शिकायचे. सत्तरीतल्या माणसानं पन्नास-साठ खुणा पाठ केल्या होत्या. ज्या आल्या नाहीत त्या आजा-नातीनं मिळून केल्या होत्या. धानाच्या लोंबीची एक, सापाची एक, रुसलेल्या आजीची एक. आजोबांची खूण म्हणजे मिशीचं टोक चिमटीत धरून पिळायचं.

जानेवारीत एक शनिवार चंपतराव आलेच नाहीत. दिपाली दप्तर पाठीला लावून संध्याकाळपर्यंत फाटकाशी बसून राहिली. पुढच्या आठवड्यात तिचे वडील बळीराम आले. डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. मुलीला भेटायच्या आधी त्यांनी सुमती मॅडमना बाजूला बोलावलं.

"मॅडम, आमचा बुढा गेला ना जी. तेरवी झाली परवा. पोरीले नेलं नाई आमी. म्हटलं, लेकरू घाबरन." ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. "आता मले तिले सांगाले जमून नाई राहिलं. मले तं तिच्या खुणाच येत नाई. तुमीच सांगा जी. तुमचं समजते तिले."

"अहो, पण तुम्ही तिला घरी नेऊन…"

"नाई जी. तुमीच सांगा."

मधल्या सुट्टीत मॅडमनी दिपालीला रिकाम्या वर्गात बोलावलं. मरणाची खूण त्यांना अर्थातच येत होती. पण मुलीनं डोळे वर करून पाहिलं आणि त्यांचे हात भलतीकडंच वळले. आजोबा. देव. घर. गेले.

दिपालीनं दारात उभ्या असलेल्या वडिलांकडं पाहिलं, मग पुन्हा मॅडमकडं. तिनं विचारलं, 'कोणत्या देवाच्या?'

मॅडमना वाटलं, दुःखानं काहीतरी विचारतेय पोरगी. त्यांनी दोन्ही हात पसरले. 'मोठ्या.'

दिपालीनं थोडा विचार केला, मान हलवली आणि वडिलांनी आणलेला चिवडा मैत्रिणींत वाटायला निघून गेली. बळीरामांनी हात जोडले. घरी जाऊन मॅडम मुकुंदरावांना म्हणाल्या, "पोरगी फार समजूतदार आहे हो. डोळ्यांतून टिपूससुद्धा काढलं नाही."

त्यानंतरच्या दिवसांत वसतिगृह सांभाळणाऱ्या नंदिनीताई एकदोनदा सहज म्हणाल्या, "मॅडम, दिपालीला अचानक देवाचं लागलंय बघा. संध्याकाळी फिरायला नेलं की वाटेतलं एकही देऊळ सोडत नाही. परवा तर गाभाऱ्यात वाकून मूर्तीच्या मागं बघत होती. पुजाऱ्यानं हाकललं तर मागच्या दारानं शिरली."

"आधार वाटत असेल तिला," सुमती मॅडम म्हणाल्या. "जाऊ द्या तिला."

एकोणतीस वर्षं वाक्यावाक्यांतला अलंकार अचूक ओळखणाऱ्या बाईंना पुढ्यातली ही गोष्ट ओळखता आली नाही.

फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी नाश्त्यानंतर दिपाली वसतिगृहात सापडेना. खोल्या पाहिल्या, गच्ची पाहिली, मागचं मैदान पाहिलं. मुख्याध्यापिकांनी पोलिसांना कळवलं, बळीरामांना फोन केला. दुपारी अडीचला शाळेत एक फोन आला. रामटेकच्या गडावर फुलं विकणारी एक बाई बोलत होती. एक मुकी पोरगी सकाळपासून मंदिरांमागून मंदिरं पालथी घालतेय, गळ्यातल्या ओळखपत्रावर हा नंबर आहे, येऊन घेऊन जा.

मुकुंदरावांनी गाडी काढली. मनसरच्या पुढं गड दिसायला लागला, तेव्हा सुमती मॅडम एकदम म्हणाल्या, "मीच पाठवलं तिला इथं."

"तू कशाला पाठवशील?" मुकुंदराव म्हणाले.

"मी तिला सांगितलं ना, मोठ्या देवाच्या घरी गेले म्हणून."

मुकुंदरावांनी गाडी कडेला घेतली, त्यांना पाण्याची बाटली दिली आणि पुन्हा निघाले.

दिपाली पायऱ्यांवर बसली होती. फुलवालीनं दिलेली केळी तशीच शेजारी पडलेली आणि दोन वानरं त्यांच्यावर डोळा ठेवून. मॅडमना बघून ती उठली नाही. त्या जवळ जाऊन बसल्या तेव्हा तिचे हात भराभरा बोलायला लागले.

'सगळी घरं बघितली. शाळेजवळची. बाजारातली. मग एसटीनं इथं आले. राम. लक्ष्मण. मारुती. आजोबा नाहीत. आजोबांनी मला जत्रेला इथं आणलं होतं. यापेक्षा मोठा देव मला माहीत नाही.' मग तिनं मॅडमच्या छातीकडं बोट रोखलं. 'तू पत्ता चुकीचा दिलास.'

खुणांमध्ये तू आणि तुम्ही असा भेद नसतो. पण त्या दिवशी मॅडमना तो 'तू' नीट ऐकू आला.

त्यांनी आधी तिचे दोन्ही हात धरले, मग सोडले, कारण हात धरले तर बोलणार कसं? आणि मग त्यांनी ती खूण केली. आजवर त्यांनी ती वर्गात धड्यातल्या राजांसाठी आणि खिडकीत सापडलेल्या चिमण्यांसाठी वापरली होती. आजोबा मेले.

दिपाली टक लावून बघत राहिली. 'आमच्या बैलासारखे? साप चावला होता, तसे?'

'हो. तसेच.'

'बैल उठला नाही.'

'आजोबाही उठणार नाहीत.'

'आता कुठं आहेत?'

'जाळलं. नदीवर. तुझे बाबा होते, आजी होती. गाव होतं.'

'मी नव्हते.'

'नव्हतीस.'

'देवाचं घर म्हणजे काय?'

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो पुन्हा लावायला त्यांना वेळ लागला. 'मेले असं म्हणवत नाही, तेव्हा लोक तसं म्हणतात.'

'का म्हणवत नाही?'

दिपालीनं मूठ वळली आणि त्यांच्या खांद्यावर मारली. एकदा, दोनदा. मग तिच्या गळ्यातून आवाज निघाला. आपलं रडणं कधी न ऐकलेल्या माणसाचं रडणं ते, त्याला लहानमोठं करता येत नाही. दर्शनाला आलेली माणसं पायऱ्यांवर थबकली. वानरं केळी सोडून दूर पळाली. सुमती मॅडमनी तिला थांबवलं नाही आणि उगी उगी अशी खूणही केली नाही.

तासाभरानं बळीराम गावातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले. धापा टाकत पायऱ्या चढले. "काहून आली गा ही इथं? काहून?" असं मुकुंदरावांना विचारत, उत्तराला न थांबता वर. दिपालीनं त्यांना येताना पाहिलं. ती उठली, त्यांच्यापुढं उभी राहिली आणि हात वर करून त्यांच्या डोक्याचा दुपट्टा ओढून काढला. मुंडन केलेल्या डोक्यावर करडे, टोचरे खुंट उगवले होते. तिनं त्यावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून दिला. बळीराम तिथंच पायरीवर बसले आणि पंधरा माणसांदेखत लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुमती मॅडमही त्यांच्याबरोबर गावी गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण निघताना दिपालीनं त्यांचं मनगट सोडलं नाही. नदीकाठी बळीरामांनी जागा दाखवली. राख केव्हाच पाण्यात गेली होती. काळपट पडलेले दोन-तीन दगड तेवढे उरले होते. दिपालीनं एका दगडाला हात लावला, हाताचा वास घेतला, आणि मग बराच वेळ नदीकडं पाठ करून बसली. मॅडम तिच्यापासून चार हात लांब उभ्या होत्या. शाळेतून तीनदा फोन आला, त्यांनी उचलला नाही.

घरी आजी रुखमाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मॅडमना पाट देत म्हणाल्या, "बाई, आमी तं तिच्यासाठीच लपवलं. म्हटलं, तिले आयकू येत नाई, तं दुःखबी जाऊ नये तिच्यापर्यंत." पाण्याचा तांब्या पुढं सरकवत त्या म्हणाल्या, "पर तिचा आजा होता ना जी तो. रडाचा हक तिचाच पयला होता. तोच आमी हिसकून घेतला."

मॅडम म्हणाल्या, "मीही घेतला."

सोमवारी त्यांनी आठवीच्या भिंतीवरचा अलंकारांचा तक्ता काढून गुंडाळून ठेवला. वर्गाला त्यांनी विचारलं, 'तुम्ही वाचलेलं असं एखादं वाक्य सांगा, जे तुम्हाला कधीच कळलं नाही. पुस्तकातलं, मोबाइलवरचं, कुठलंही.' सुरुवातीला कुणी हात वर केला नाही. न कळणं लपवायला ही मुलं फार लवकर शिकतात. मग श्वेतानं वहीतलं एक वाक्य दाखवलं: त्याचा पाय घरात ठरत नव्हता. तिला वाटत होतं, त्या माणसाला पायाचा आजार आहे. आयुषच्या आईनं त्याला मोबाइलवर लिहून पाठवलं होतं, पोटाला चिमटा काढून तुला शिकवतोय. दोन वर्षं तो सुट्टीत घरी गेला, की आई झोपल्यावर तिच्या पोटावर वळ शोधायचा. हे सांगताना तो हसत होता आणि मुलंही हसत होती. मॅडमना मात्र हसता आलं नाही. एवढी वर्षं ही मुलं काय काय एकटीनं वाहत होती आणि आपण गोल करायला पेन्सिली वाटत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

तेव्हापासून वर्गात एक नवा प्रश्न आला. वाक्य वाचायचं, डोळे मिटायचे आणि ठरवायचं: हे असंच्या असं डोळ्यांना दिसेल का? दिसणार असेल तर साधं वाक्य. दिसणार नसेल तर मग विचारायचं, हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आणि सरळ का म्हणत नाहीये. अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी, आणि आठवलं तरच. अभ्यासक्रम मागं पडला. मुख्याध्यापिकांनी दोनदा बोलावून विचारलं. सुमती मॅडमनी ऐकून घेतलं आणि आपलं चालू ठेवलं. दिपाली पहिले काही आठवडे या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची. मॅडमनी प्रश्न केला तर उत्तर द्यायची, त्यापलीकडं नाही.

मार्चमध्ये त्यांनी एक गोष्ट वाचायला दिली. जुन्या कुठल्याशा मासिकातून उतरवून घेतलेली, वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेली. एका विणकराची बायको. नवरा कामठीला सूत आणायला गेलाय, असं ती शेजारणीला सांगते. मागावर अर्धं लुगडं ताणलेलं आहे. ती रोज सकाळी माग झटकते, दोन कप चहा करते. शेवटी एक दिवस ती कात्री घेते, ताणलेले धागे कापते आणि मागाची लाकडं विकायला काढते. गोष्ट तिथं संपते. या गोष्टीवर आजवर त्या एकच प्रश्न विचारत आल्या होत्या: 'धागा केसासारखा बारीक होता', अलंकार ओळखा.

या वेळी त्यांनी विचारलं, 'नवरा कुठं आहे?'

'कामठीला,' आयुषनं सांगितलं. 'लिहिलंय तिथं.'

'मेलाय,' दिपाली म्हणाली. ती खूण तिनं अगदी स्वच्छ केली.

'कुठं लिहिलंय?'

'नाही लिहिलं. कामठी असं ती बाई म्हणते. गोष्ट तसं म्हणत नाही.' ती उठून फळ्याशी आली आणि ओळीवर बोट ठेवलं. 'दोन कप करते. इथं बघ, एक कप तसाच थंड होतो. रोज तसाच. येणार असता तर तिनं धागे कापले नसते. तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.'

'मग खोटं का बोलते?' आयुषनं विचारलं.

दिपालीनं पुन्हा त्या कपाच्या ओळीवर बोट ठेवलं. 'खोटं नाही. तिला म्हणता येत नाही. म्हणून ती कप ठेवते.'

ती वळली आणि सुमती मॅडमकडं बराच वेळ बघत राहिली. त्या बघण्यात क्षमा होती की नुसतं एक गणित सुटल्याचं शांतपण होतं, हे मॅडमना कळलं नाही. फळ्याकडं तोंड करून त्या उगाच खडू शोधत राहिल्या.

पुढं दहावीच्या सराव परीक्षेत दिपालीचा अलंकाराच्या प्रश्नातला एक गुण गेला. नुसतं नाव लिहायचं होतं तिथं तिनं चार ओळी लिहिल्या होत्या आणि नाव लिहायचं राहून गेलं होतं. मॅडमनीच पेपर तपासला होता. गुण त्यांनीच कापला आणि त्या चार ओळी घरी नेऊन मुकुंदरावांना वाचून दाखवल्या.

पण ते नंतरचं. त्या मार्चमधलीच एक गोष्ट सांगायची राहिली. दिपालीला न्यायला आता बळीराम यायला लागले होते. तेही दोन तास आधी येत. वऱ्हांड्यात मुलांमध्ये अवघडून बसत. नांगराची मूठ धरून राठ झालेली त्यांची बोटं वळायची नाहीत, मुलं ती धरून वळवून द्यायची. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते सुमती मॅडमपाशी आले.

"मॅडम, एक पुसू का जी? 'जीव लागत नाई' याची खूण कशी करतेत?"

"कुणाला सांगायचंय?"

"तिलेच." त्यांनी फाटकाकडं मान केली. दिपाली तिथं मैत्रिणींचा निरोप घेत होती. "सोमवारी तिले इथं सोडून देतो, मग घरी जीवच लागत नाई."

"त्याची खूण नाही हो बळीरामजी. आणि केली तरी तिला कळायची नाही. जीव कुठं लागतो, असं विचारेल ती. जीव लागत नाही म्हणजे तुम्ही काय करता घरी?"

बळीराम गोंधळले. "काय करतो म्हणजे… बसवत नाई जी. घरात शिरलो का बाहेर निघतो. तिची थाली दिसते. मंग भाकर अर्धीच खातो."

"मग हेच सांगा. एवढ्या खुणा येतात तुम्हाला. थाळीची येत नाही, ती मी दाखवते."

त्यांनी दाखवली. बळीरामांनी दोनदा करून पाहिली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि फाटकाकडं गेले. सुमती मॅडम वऱ्हांड्याच्या खांबाशी उभ्या राहून बघत होत्या. बळीरामांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि दोन्ही हात मोकळे केले. तू नाहीस. मी घरात. मी बाहेर. मी घरात. तुझी थाळी. भाकरी अर्धी. मधेच बोटं चुकली, त्यांनी हात झटकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दिपालीनं मधे त्यांना अडवलं नाही. त्यांचं सांगून झाल्यावर तिनं खाली ठेवलेलं दप्तर उचललं, एका हातानं वडिलांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं विचारलं, 'आज घरी भाजी कोणती?'

बळीरामांना ती खूण येत नव्हती. ते मॅडमकडं बघायला लागले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मग दिपालीनंच पुन्हा, सावकाश करून दाखवली. ती दोघं कुहीच्या एसटीसाठी रस्त्याला लागली, तेव्हाही बळीराम चालता चालता वांग्याची खूण कशी करायची ते बोटांनी शोधतच होते.